बेळगावची मावशी

"बाहेर हो," बाबा म्हणाले. "आणि चार वाजेपर्यंत या घरात पाऊल टाकायचं नाही."

"पण खिरापत काय आहे, ते मला एकटीला तरी सांगा ना!"

बाबांनी शिट्टी तोंडाला लावली. रविवार होता, शाळा बंद होती, तरी शिट्टी गळ्यात होतीच. ती एकदा वाजली की वाद संपला, हा आमच्या घरचा कायदा होता. मी चपला घातल्या आणि पाय आपटत शेजारी चौगुलेकाकूंकडे गेले. मागे दाराला आतून कडी लागली आणि खिडक्याही एकेक करून बंद झाल्या.

सांगलीत बाबांना सगळे इंगवले सर म्हणायचे. ते हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवायचे. भरघोस मिशा आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला त्यांनी 'सावधान' म्हटलं की त्या टोकाला चरणारी म्हैस मान वर करायची. अशा माणसाच्या घरी त्या दिवशी हादगा होता. पाटावर हत्तीचं चित्र काढायचं, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत काय आहे ते ओळखायचं. खिरापत कुणालाच ओळखता आली नाही, तर त्या घरच्या आईची कॉलर ताठ. आमच्या गल्लीत रोज एका घरी हादगा असायचा आणि माझी पाळी आली तेव्हा मुली आपापसांत म्हणाल्या होत्या, "शलाकाकडं नको. तिच्याकडं आईच नाही."

माझी आई होती. पुण्यात होती, एवढंच. बँकेत तिला बढती मिळाली आणि बदली झाली. त्याच्या आधीपासूनच घरात धुसफुस चालायची. दोघंही माणसं चांगली होती, पण एका छपराखाली त्यांचं पटत नव्हतं. घटस्फोट काहीही आदळआपट न होता झाला. सगळं अडलं ते माझ्यापाशी. मी दहा वर्षांची होते, बाबांजवळ राहत होते आणि मला तिथंच राहायचं होतं. आईलाही मी हवी होते. आणि कोर्टात ज्याला त्याला वाटत होतं की मुलीची जात, ती आईकडेच जायला हवी.

कोर्टाच्या समुपदेशक निमकर मॅडम होत्या. बाई प्रेमळ. दर वेळी पर्समधून काढून मला लिमलेटची गोळी द्यायच्या आणि बाबांना तोच प्रश्न विचारायच्या, "सर, उद्या मुलगी वयात येईल. तेव्हा तुम्ही काय करणार?"

"करू की," बाबा म्हणायचे. मैदानावरचा तो आवाज तिथं कुठं जायचा कोण जाणे.

एकदा त्यांनी विचारलं, "बरं, ही तान्ही असताना हिचं सगळं कोण करायचं?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली होती.

"बेळगावची मावशी होती," बाबा म्हणाले.

"म्हणजे तेव्हाही बाईमाणूसच लागलं ना," मॅडम म्हणाल्या.

बाबा शिट्टीची दोरी चाचपत खाली बघत राहिले. मला त्यांचा असा राग आला! गप्प बसायचं तर शिट्टी तरी कशाला घालून फिरायचं?

बेळगावची मावशी हा माझा लाडका विषय होता. मला खोकला झाला की बाबा ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायचे आणि म्हणायचे, "मावशी असंच करायची." पोट दुखलं की बेंबीत हिंग. तेही मावशीचंच. तान्हेपणी मी फार रडायची, तेव्हा मावशी मला खांद्यावर पालथी टाकून घरभर फिरायची म्हणे. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचा फोटोही नव्हता. पण माझ्या डोक्यात ती पक्की होती: जाडजूड, नऊवारीतली, कपाळाला मोठं कुंकू आणि हाताला तेलाचा वास. "आपण बेळगावला कधी जायचं?" मी विचारायची. "जाऊ की," बाबा म्हणायचे. गेलो मात्र कधीच नाही.

त्या दिवशी चौगुलेकाकूंच्या स्वयंपाकघरात बसून मी तेच त्यांना विचारलं. "काकू, तुम्ही तर तेव्हापासून इथंच राहताय. तुम्ही बघितली असेल ना मावशी?"

काकू शेंगा सोलत होत्या. "कुठली गं बघायला! भेटायला गेलं की तुझे बाबा दारातच म्हणायचे, मावशी आत्ताच पडल्यात. एकदा म्हणाले, मावशी देवळात गेल्यात. मी म्हटलं, बाळंतिणीला टाकून ही बाई देवळात काय करतीय?" त्या हसल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, मी सरांना कालच म्हटलं, खिरापत मी करून देते, तुमची म्हणून सांगा. कुणाला कळतंय? तर ऐकतील तर शपथ."

बाबांना पोहे, आमटी, भाकरी सगळं यायचं. पण गोडाचं त्यांनी केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वरून आजचा रविवार आईचा होता. महिन्यातल्या एका रविवारी ती मला भेटायला यायची. आणि निमकर मॅडम म्हणाल्या होत्या की मी एक दिवस न सांगता घरी येऊन बघून जाईन. आज नको, एवढंच मी देवाला सांगत होते.

चार वाजता मी घरी गेले तर अंगण ओळखू येईना. बाबांनी मैदान आखायची पांढरी फक्की आणून मधोमध मोठा गोल आखला होता. कबड्डीचं मैदान आखतात तसा, अगदी रेघ न हलता. मधल्या पाटावर हत्ती होता. त्याचे पाय जरा म्हशीसारखे झाले होते, पण सोंड झोकदार होती आणि गळ्यात झेंडूची माळ होती. मुली जमल्या, त्यांच्या मागोमाग त्यांच्या आयाही आल्या. खरं सांगायचं तर त्या हादग्यापेक्षा इंगवले सर काय करतात ते बघायला आल्या होत्या.

"एका हाताचं अंतर!" बाबा ओरडले. "फेर उजवीकडून. सुरू!" आणि शिट्टी वाजली.

शिट्टीवर सुरू झालेला हादगा सांगलीत तो पहिलाच असेल. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण पोरींना ते असं आवडलं की जोरजोरात गाणी सुरू झाली. दुसऱ्या गाण्याला फाटकाशी रिक्षा थांबली आणि आई उतरली. तिच्या हातात मिठाईच्या दुकानातला मोठा खोका होता.

"पेढे आणलेत," ती बाबांना हळूच म्हणाली. "म्हटलं, खिरापतीचं काही जमलं नसेल तर..."

"जमलंय," बाबा म्हणाले.

आई पायरी चढून आत पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा काहीतरी विचित्र दिसत होता. ती खुर्चीवर बसली, खोका मांडीवरच राहिला. मला वाटलं, आत फार पसारा असेल म्हणून रागावली.

आणि शेवटचं गाणं चालू असताना निमकर मॅडम आल्या. आल्या त्या हसतच. "अरे वा, हादगा! आमच्या लहानपणी..." म्हणत त्या आईशेजारच्या खुर्चीवर बसल्या. माझी गाण्यातली ओळच चुकली. बाबांनी मात्र त्यांना नमस्कार केला आणि आतून स्टीलचा डबा आणला. पोस्टातून आलेलं पार्सल धरावं तसा तो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"ओळखा," ते म्हणाले.

डबा हलवून दाखवायची रीत. बाबांनी हलवला तर आवाजच येईना, नुसतं धप्प धप्प झालं.

"गोड का तिखट?"

"गोड."

"गोल का चौकोनी?"

"गोल."

मग काय, पोरी सुटल्याच. रव्याचा लाडू, बेसनाचा, चुरम्याचा, राजगिऱ्याचा, दाण्याचा, मुगाचा. बाबा प्रत्येक नावाला मान हलवत होते आणि दर वेळी मिशी थोडी वर जात होती. पोरी थकल्यावर आया पुढे आल्या. त्यांचंही चालेना. गुलाबजाम? नाही. करंजी गोल कुठं असते, गप्प बस. माझी छाती फुगायला लागली. कुणाच्याच घरची खिरापत इतकी टिकली नव्हती!

"तुम्ही ओळखा बघू," मॅडम आईला म्हणाल्या.

आईनं मान हलवली. "नाही बाई येत," ती म्हणाली, पण डब्याकडे बघितलंच नाही.

"हरलो!" सगळे ओरडले. बाबांनी झाकण काढलं. चौगुलेकाकूंनी पहिला लाडू उचलला, मोडला, नाकाशी नेला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई! अळीव! सर, अळिवाचे लाडू केलेत तुम्ही? अवो, हे बाळंतिणीचं खाणं! ह्या पोरींना काय..." पुढचं हसण्यात गेलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "पाळणा पण आणलाय का सर?" पोरींना काही कळलं नव्हतं, तरी आया हसतायत म्हणून त्याही हसत होत्या. हसण्यात वाईट कुणीच नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र कान तापून लाल झाले होते.

बाबा डबा धरून उभे होते. "पौष्टिक असतंय," ते म्हणाले. "मला गोडातलं एवढं एकच येतं."

निमकर मॅडम हसल्या नाहीत. त्या उठून बाबांजवळ गेल्या आणि अगदी मायेनं बोलल्या, म्हणून जास्त लागलं. "सर, किती हौसेनं केलंय तुम्ही. तुमचं मन दिसतं मला. पण बघा, दहा वर्षांच्या मुलींना काय द्यायचं आणि बाळंतिणीला काय, हे बाईलाच कळतं. आज लाडूचं झालं, उद्या दुसरं काही असेल. शेवटी घरात बाईमाणूस लागतंच हो."

मला कळलं, संपलं. ह्या आता कोर्टात जाऊन हेच सांगणार आणि मला पुण्याला जावं लागणार. बाबा काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आईकडे पाहिलं, एकदाच, आणि मग जमिनीवरच्या फक्कीच्या रेघेकडे बघत राहिले.

मला राहवलं नाही. "मग बेळगावच्या मावशीला बोलवा ना!" मी मोठ्यांदा म्हटलं आणि रडायलाच लागले. "बाबा, तिला बोलवा! ती येईल राहायला! तिला सगळं येतं! मॅडम, ती बाईमाणूस आहे, खूप चांगली आहे, तिनंच मला मोठं केलंय..."

बाबा खाली बसले आणि मला जवळ ओढायला लागले. तेवढ्यात आई उठली. तिच्या मांडीवरचा पेढ्यांचा खोका खाली पडला, पण तिनं तो उचलला नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "बेळगावला आमचं कुणी नाही."

"कुमुद," बाबा म्हणाले, "राहू दे."

"नाही, मला बोलू दे." ती डब्यापाशी आली आणि एक लाडू तिनं हातात घेतला. खाल्ला नाही, नुसता धरला. "मी मघाशी आत गेले तेव्हाच मला वासानं कळलं. नारळाच्या पाण्यात भिजवलेला अळीव, गूळ आणि वर जायफळ. माझ्या बाळंतपणात रोज सकाळी एक मिळायचा. हेच करायचे."

"सर?" चौगुलेकाकू म्हणाल्या.

"माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. माझं बाळंतपण करायला कुणी नव्हतं. आणि ही झाली, तर मला काय झालं माझं मलाच कळेना." आई थांबली. तिचा आवाज एरवी बँकेतल्यासारखा ठणठणीत असायचा. आता तो फुटत होता. "मला हिची भीती वाटायची, मॅडम. स्वतःच्या लेकीची. ही रडली की मी कानावर उशी घ्यायची. दूध पाजण्यापुरती जवळ घ्यायची आणि घाईघाईनं परत द्यायची. नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. हे चाललं पाच-सहा महिने."

चौगुलेकाकूंनी तोंडाकडे नेलेला मोडका लाडू परत खाली घेतला.

"हे शाळेतून बिनपगारी रजा घेऊन घरी बसले. दवाखान्यातल्या आयाबाईंकडून तेल लावायला शिकले, लाडू शिकले. एवढा दांडगा माणूस पाय पसरून पाटावर बसायचा आणि ही त्यांच्या पायांवर. आधी स्वतःच्या हातावर पाणी घेऊन बघायचे, मग हिच्यावर. खांद्यावर टाकून रात्ररात्र फिरायचे, ते हेच. मी म्हटलं, लोकांना कळलं तर म्हणतील, ही कसली आई. शपथ घातली होती मी यांना, कुणाला सांगायचं नाही. तेव्हा यांनी बेळगावची मावशी आणली."

ती बाबांकडे वळली. "कोर्टात तरी सांगायचंत ना हो! एका वाक्यात जिंकला असता."

"शपथ होती की," बाबा म्हणाले. जसं काही त्यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं.

मी बाबांच्या मांडीतून त्यांच्याकडे वर बघितलं. मिशा, शिट्टी, मनगटावर फक्कीचे पांढरे डाग. माझी नऊवारीतली मावशी, मोठ्या कुंकवाची, जिला मी रोज रात्री बोलावत होते, ती इतकी वर्षं शेजारच्या खाटेवर घोरत होती. मला हसू येत होतं का रडू, ते सांगता येत नाही. मी त्यांचा हात ओढून नाकाशी नेला. खोबऱ्याचा वास येत होता.

निमकर मॅडम खुर्चीवर परत बसल्या होत्या. त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही आजारी होतात. आता तसं काही नाही. त्यामुळे तुमचा हक्क कमी होत नाही, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे," आई म्हणाली. "आता मी चांगली आई होईन, पुण्यात. पण हिचं घर इथं आहे. मी मागत होते, ते मी आई आहे म्हणून. आणि सगळेच म्हणत होते, त्यामुळे मलाही वाटलं, हिला मागायलाच पाहिजे. हिला इथंच राहू दे. कोर्टात मी स्वतः सांगेन."

"आणि वयात आल्यावर?" मॅडमनी विचारलं. पण या वेळी आवाजात जोर नव्हता.

"मला फोन करेल की! मी मेलेली नाही, पुण्यात आहे." आईनं नाक पुसलं. "आणि मी नाही उचलला, तर मावशी आहेच घरात."

चौगुलेकाकूंना हसू आवरेना, पण डोळ्यांना पदर लागलेला होता. "म्हणजे मी दारात उभी असायची," त्या म्हणाल्या, "आणि मावशी मलाच सांगायची, मावशी पडल्यात म्हणून! काय माणूस आहे हा!" मग त्यांनी हातातला मोडका लाडू तोंडात टाकला, चावला आणि म्हणाल्या, "जायफळ बेतानं घातलंय हो. पोरींनो, घ्या गं एकेक. काही होत नाही."

डबा रिकामा झाला. निमकर मॅडमनी एक खाल्ला आणि एक रुमालात बांधून नेला. आई जाताना मी फाटकाशी तिला घट्ट धरलं. एरवी ती लगेच "साडी, साडी" म्हणायची. त्या दिवशी काही म्हणाली नाही. सुट्ट्यांत मी पुण्याला जायला लागले, आणि वयात आले तेव्हा तिला फोनही केला. ती एसटीनं आली तोवर बाबांनी गरम पाण्याची पिशवी, गुळाचा शिरा आणि दुकानातली सगळ्या प्रकारची पॅड आणून टेबलावर रांगेत मांडून ठेवली होती. खेळाडूंना बॅट निवडायला सांगावं तशी.

गेल्या वर्षी मला मुलगा झाला. "बाळंतपणाला माहेरी कोण आहे?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "बेळगावची मावशी आहे." त्यांना वाटलं, असेल कुणीतरी.

बाळाला घेऊन सांगलीला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईही रजा टाकून आली. सकाळी मी उठले तर न्हाणीतून आवाज येत होते. दारातून डोकावून पाहिलं. बाबा पाटावर पाय पसरून बसले होते, मिशा आता पांढऱ्या, आणि त्यांच्या पायांवर माझं लेकरू तेलानं चमकत होतं. शेजारी आई पदर खोचून, हातात तांब्या घेऊन बसली होती. तांब्या तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघ," बाबा म्हणाले. "मावशी म्हणायची..."

"मावशीला म्हणावं, गप्प बस," आई म्हणाली. "आज मी घालणार आहे." आणि तिनं आधी आपल्या हातावर पाणी घेतलं, मग बाळावर धरलं.